बिनदारूचा स्लश दगडासारखा का गोठतो? पेण-रोह्याच्या कैरी, करवंद, जांभळापासून गारेगार पेय करण्याची नीट पद्धत

मे महिन्यात मुंबई-गोवा महामार्गावरून पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड असं खाली उतरत गेलं, की रस्त्याच्या कडेला उन्हाळ्याचा बाजारच मांडलेला दिसतो. कलिंगडांचे ढीग, ताडगोळे, कैऱ्या आणि पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या ठाकूर आणि कातकरी बायका. महिनाअखेरीस त्यात जांभळं येतात. पहिला जोराचा पाऊस झाला, की करवंदं संपतात आणि जांभळं फुटून खराब व्हायला लागतात. म्हणजे या फळांना मिळतात जेमतेम चार-सहा आठवडे.

याच दिवसांत मोबाइलवर फ्रोझन मॉकटेलच्या रील्सचा पूर येतो. फळाचा रस घ्या, फ्रीझरमध्ये ठेवा, मिक्सरला फिरवा, झालं! प्रत्यक्षात काय होतं ते अनेकांनी अनुभवलेलं असतं. डब्यात दगडासारखी लादी तयार होते, ती फोडताना चमचा वाकतो आणि मिक्सरमधून जळका वास येतो. शेवटी ग्लासात खाली बर्फाचे फिके खडे उरतात आणि वर गोड पाणी.

चूक करणाऱ्याच्या हाताची नसते. रेसिपीतून एक गोष्ट काढून टाकलेली असते आणि तिच्या जागी काय घालायचं ते सांगितलेलं नसतं.

काढून टाकलेली गोष्ट म्हणजे दारू

असे बर्फाळ फळांचे ग्लास जगभर लोकप्रिय झाले ते मुख्यतः डाकिरी आणि मार्गारिटा या कॉकटेलांमुळे. पहिलं क्यूबाचं, रम घालून केलेलं. दुसरं टकीलाचं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात मारियानो मार्टिनेझ या हॉटेलवाल्यानं सॉफ्ट आइस्क्रीमच्या मशीनमध्ये फेरफार करून फ्रोझन मार्गारिटाचं मशीन तयार केलं. ते आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मॉकटेलच्या बऱ्याच रेसिपी अशाच पेयांवरून आलेल्या असतात, फक्त दारू वगळून.

पण दारू त्या ग्लासात फक्त नशेसाठी नसते. ती पेयाला घट्ट गोठू देत नाही. पाणी शून्य अंशाला गोठतं, शुद्ध मद्यार्क उणे ११४ अंशांना. पाण्यात काहीही विरघळलं की त्याचा गोठणबिंदू खाली जातो. किती खाली, ते विरघळलेल्या पदार्थाच्या वजनापेक्षा त्याच्या कणांच्या संख्येवर ठरतं. मद्यार्काचा रेणू लहान असल्यामुळे एका ग्रॅममध्ये खूप रेणू मावतात. साखरेचा रेणू त्यापेक्षा सातपटीहून जड. त्यामुळे एक ग्रॅम मद्यार्क जे काम करतो, त्याला सात ग्रॅमहून जास्त साखर लागते.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ६० मिलि रममध्ये साधारण २० ग्रॅम मद्यार्क असतो. तो काढला, तर तेवढाच मऊपणा राखायला दीडशे ग्रॅमच्या आसपास साखर लागेल. एका ग्लासात एवढी साखर कोणी घालत नाही आणि घालूही नये. म्हणून बिनदारूचा स्लश वेगळ्या पद्धतीनेच करावा लागतो. थोडी साखर, चिमूटभर मीठ, फळाचा गर आणि गोठताना मोडत राहणं, अशी कामाची वाटणी करावी लागते.

साखर किती, हा खरा प्रश्न

रस फ्रीझरमध्ये ठेवला, की त्यातलं पाणी आधी गोठायला लागतं. बर्फाचे स्फटिक जवळपास शुद्ध पाण्याचे असतात. साखर, आंबटपणा, रंग हे सगळं न गोठलेल्या पाकात ढकललं जातं. तो पाक हळूहळू दाट होतो आणि दाट झाला की आणखी गोठायला कुरकुरतो. स्लश म्हणजे हेच मिश्रण, बर्फाचे बारीक कण आणि त्यांच्यामध्ये दाट पाक.

घरच्या फ्रीझरमध्ये साधारण उणे १८ अंश असतात. कलिंगडाच्या रसात साखर असते शंभरात आठ-दहा. तो तसाच ठेवला, तर वजनानं पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास बर्फच होतो. याचाच अर्थ दगड. एकूण साखर शंभरात वीसपर्यंत नेली, तर बर्फ दोन-तृतीयांशाच्या आसपास राहतो आणि काट्यानं खरवडता येतो. फ्रीझरबाहेर दहा मिनिटं ठेवला, की त्यातला आणखी थोडा बर्फ वितळतो आणि चमच्यानं खाता येईल, स्ट्रॉनं ओढता येईल असा भुसभुशीत होतो.

त्यामुळे लक्षात ठेवायचा आकडा एकच. फळाची स्वतःची आणि वरून घातलेली मिळून एक किलो मिश्रणात १८० ते २२० ग्रॅम साखर. चवीवर ओळखायचं असेल, तर मिश्रण गोठवण्याआधी थोडं जास्तच गोड लागलं पाहिजे. गारव्यात जिभेला गोडी कमी जाणवते. सरबत म्हणून जे बरोबर लागतं, ते स्लश झाल्यावर बेचव लागतं.

मिठाचा उपयोग चवीपुरता नाही. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन तुकडे होतात आणि तेही हलके. एका लिटरमध्ये अर्धा चमचा, म्हणजे ३ ग्रॅम मीठ घातलं, तर गोठणबिंदूवर त्याचा परिणाम जवळपास ३५ ग्रॅम साखरेइतका होतो. पन्ह्यात मीठ घालण्याची आपली जुनी सवय इथे आपोआप कामी येते. मात्र अर्ध्या चमच्याच्या वर गेलात, तर स्लश मऊ होईल पण प्यावासा वाटणार नाही.

मध साखरेपेक्षा जास्त मऊपणा देतो, कारण त्यातल्या साखरेचे रेणू लहान असतात. पण मधाची स्वतःची चव करवंदासारख्या नाजूक फळावर चढते. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध देत नाहीत, हे घरात लहान मूल असेल तर विसरायचं नाही.

आधी पाणी, मग फळ

पेण तालुक्याच्या खारेपाटात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढाताण नवी नाही. हेटवण्याचं धरण तालुक्यातच असूनही खाडीकाठच्या गावांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही तिथली कायमची तक्रार. अशा दिवसांत पाणी कुठून आलं आणि किती दिवस साठवलं, याची खात्री नसते. आणि गोठवल्यानं जंतू मरतात ही समजूत चुकीची आहे. फ्रीझरमध्ये ते झोपी जातात आणि ग्लासात बर्फ वितळला की जागे होतात. गॅस्ट्रो आणि कावीळ या दोन्ही आजारांची उन्हाळ्यातली वाट अनेकदा पाण्यातून आणि बर्फातूनच जाते.

म्हणून स्लशसाठीचं पाणी उकळून घ्यायचं. वेगळा उपद्व्याप लागत नाही. नाहीतरी साखर विरघळवायची असतेच. त्याच पाण्यात साखर घालून खळखळून उकळी आणली, की दोन्ही कामं होतात. फळं वाहत्या पाण्यात धुवायची आणि कलिंगड कापण्याआधी बाहेरून धुवायचं. साल खायची नसली, तरी सुरी सालीवरूनच आत जाते.

बाजारातून बर्फ आणणार असाल, तर रंग बघा. मासळी गार ठेवण्यासाठी, मालवाहतुकीसाठी बनवलेल्या बर्फाला पिण्याच्या पाण्याचं बंधन नसतं. असा बर्फ सरबतात आणि गोळ्यात जाऊ लागला, म्हणून २०१८ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळणं बंधनकारक केलं. निळसर लादी दिसली, तर ती पेयासाठी नाही. पण उलट धरून चालू नका. पांढरा दिसला म्हणजे तो शुद्ध पाण्याचाच, असं होत नाही. खाली दिलेल्या पद्धतींमध्ये बाहेरचा बर्फ पेयात पडतच नाही आणि त्या निवडण्याचं ते एक मोठं कारण आहे.

काटा-परात पद्धत

ही सगळ्यात खात्रीची. इटलीत याला ग्रानिता म्हणतात. आपल्याकडे लागते एक पसरट स्टीलची परात किंवा डबा आणि एक काटा.

मिश्रण तयार झालं की ते आधी फ्रिजमध्ये पूर्ण गार करायचं. कोमट मिश्रण थेट फ्रीझरमध्ये गेलं, तर ते सावकाश गोठतं, स्फटिक मोठे होतात आणि शेजारच्या वस्तूही तापतात. गार मिश्रण परातीत एक इंचापेक्षा जास्त उंच नको. तासाभरानं कडेला बर्फ धरलेला दिसेल. काट्यानं तो सुटा करून मध्ये ओढायचा. मग दर अर्ध्या-पाऊण तासानं हेच. तीन-साडेतीन तासांत सगळं मिश्रण ओल्या साखरेसारखं रवाळ होतं. मोडत राहिल्यानं मोठे स्फटिक जमत नाहीत, इतकंच यामागचं गुपित.

भांडं स्टीलचं किंवा काचेचंच घ्यायचं. कैरी, कोकम, करवंद ही आंबट फळं पितळ, तांबं आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवायची नाहीत. आंबटपणामुळे धातू पेयात उतरतो.

घाई असेल तर मिक्सर. मिश्रण जाड पिशवीत भरून, आडवं पसरून गोठवायचं. पातळ पापुद्रा झाला की हातानं तुकडे करून थोडे थोडे मिक्सरच्या भांड्यात टाकायचे, दोन-तीन चमचे गार रस घालायचा आणि थांबत थांबत फिरवायचं. ट्रेमधले मोठे घट्ट खडे घरगुती मिक्सरला झेपतीलच असं नाही.

कैरी: सुरुवात इथून करावी

पहिल्यांदाच करत असाल, तर कैरी. ती फसत नाही. दोन मध्यम कैऱ्या, साधारण अर्धा किलो, कुकरला दोन शिट्ट्या देऊन शिजवायच्या. गार झाल्या की साल-कोय काढून गर कुस्करायचा. तो पाऊण वाटीपासून दीड वाटीपर्यंत कितीही निघू शकतो, म्हणून वजन करून ३०० ग्रॅम घ्यावा. अर्धा लिटर उकळत्या पाण्यात २०० ग्रॅम गूळ विरघळवून गाळून घ्यायचा. गुळात खडे-काड्या असतात, त्यामुळे गाळणं टाळू नका. दोन्ही एकत्र करून अर्धा चमचा मीठ आणि वेलची घालायची. केशर असेल तर छान, नसेल तर काही अडत नाही. हे मिश्रण पाणी घालून पातळ करायचं नाही. त्यातच साखरेचं गणित बसलेलं आहे.

गुळामुळे रंग मातकट येतो. पाहुण्यांसमोर हिरवट-पिवळा हवा असेल, तर साखर वापरा. चवीला मात्र गूळच सरस.

भाजलेल्या कैरीचंही पन्हं होतं आणि चुलीचा धूर उतरलेली ती चव गोठवल्यावरही टिकते. गावाकडे चूल पेटत असेल, तर एकदा करून पाहाच.

करवंदाचा चीक आणि जांभळाचा तुरटपणा

करवंदं काळी, पूर्ण पिकलेलीच घ्यायची. कच्च्यात पांढरा चीक फार असतो, तो ओठांना आणि भांड्याला चिकटतो. पिकलेली करवंदं मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून, मग साध्या पाण्यात दोनदा धुवायची. अर्धा किलो करवंदं १५० ग्रॅम साखर आणि ३०० मिलि पाण्यात पाच-सात मिनिटं उकळली, की फुटतात. डावानं दाबून मोठ्या जाळीच्या गाळणीतून काढायचं. बिया आणि साली वर राहतात, खाली गडद लालसर-जांभळा दाट रस येतो.

करवंदात पेक्टिन भरपूर असतं. याच गुणामुळे त्याचा जॅम-जेली चांगली होते. स्लशमध्ये ते पाक आणि बर्फ यांना धरून ठेवतं. म्हणून करवंदाचा स्लश ग्लासात लवकर पाणी सोडत नाही. दिसायलाही तो सगळ्यांत देखणा.

जांभळाची गोष्ट उलटी. ते उकळायचं नाही, उकळलं की ताजा वास उडतो. अर्धा किलो जांभळं धुऊन, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायची. मिठानं तुरटपणा दबतो. मग हातानं किंवा पुरणयंत्रातून बिया वेगळ्या करायच्या. मिक्सरला बियांसकट लावू नका, बी फुटली की कडवट चव येते. साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास गर मिळतो. त्यात १२० ग्रॅम साखर ३०० मिलि पाण्यात उकळून, पूर्ण गार करून घालायची, वर एका लिंबाचा रस. लिंबानं रंगही खुलतो. जांभळातलं रंगद्रव्य आंबटात लालसर होतं. काळं मीठ आणि थोडी मिरपूड ग्लासात वरून.

कपड्यांची काळजी घ्या. जांभळाचा डाग एकदा वाळला की सोबतच राहतो.

कोकम, हापूस आणि कलिंगड

कोकमाचं तयार सिरप घरात असेल, तर काम सोपं. सरबतासाठी आपण एका भागाला चार-पाच भाग पाणी घालतो. स्लशसाठी अडीच भागच घालायचं, साखरेचं प्रमाण आपोआप जमतं. जिऱ्याची पूड चिमूटभर. आगळ वापरायचं झालं तर जपून, कारण त्यात मीठ फार असतं. एक लिटरला दोन-तीन चमचे आगळ चवीपुरतं आणि गोडी वेगळ्या साखरेच्या पाकाची, असं करावं.

हापूस मुळातच गोड आणि दाट. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला जे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे यांच्यासोबत रायगडही आहे. अर्धा किलो रस, ८० ग्रॅम साखर, पाव लिटर पाणी आणि चिमूटभर मीठ. हापूसचा दर पाहता चांगलं फळ कापून खावं आणि जास्त पिकलेलं, एका बाजूला मऊ पडलेलं फळ स्लशला वापरावं. कुजका भाग मात्र नुसता कापून चालत नाही, आंबलेला वास येत असेल तर अख्खं फळ टाकायचं.

कलिंगड स्वस्त, मुबलक आणि स्लशसाठी सगळ्यांत अवघड, कारण ते जवळपास सगळं पाणीच असतं. रोह्याकडे भाताच्या कापणीनंतर पाण्याची सोय असलेल्या शेतांत कलिंगड घेतात. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेल्या पाण्यामुळे कुंडलिका भर उन्हाळ्यातही वाहती राहते. कोलाडचं राफ्टिंग चालतं तेही त्याच पाण्यावर. आणि उन्हाचं म्हणाल तर याच खोऱ्यातल्या भिरा गावी २८ मार्च २०१७ ला ४६.५ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती, मे महिना लागायच्या आत.

एक किलो बिनबियांच्या फोडींचा रस, १०० ग्रॅम साखर, पाव चमच्यापेक्षा थोडं जास्त मीठ, दोन लिंबं आणि आल्याचा छोटा तुकडा, असं घेतलं तर कलिंगडही मऊ राहतं. याला काटा-परात पद्धतच हवी, गर कमी असल्यामुळे लक्ष दिलं नाही तर थर सुटतात.

ताडगोळा या यादीत बसत नाही. गोठवला की त्याचा लुसलुशीतपणा जातो आणि चव तर आधीच नाजूक. सोलून, बारीक तुकडे करून तयार स्लशवर घालायचा. कोकमाच्या लाल स्लशवर पांढरे तुकडे छान दिसतात.

साखर नको असेल तर

वरच्या प्रमाणात केलेल्या २०० मिलि ग्लासात सुमारे ४० ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर आणि रसातली साखर मिळून दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ च्या आत राहिली तर आणखी चांगलं. म्हणजे एका ग्लासातच दिवसाचा बहुतेक कोटा संपतो. फळाचं आहे म्हणून कितीही प्या, असं सांगणाऱ्या रील्स इथे दिशाभूल करतात. छोटा, शंभर मिलिचा ग्लास हेच योग्य माप. मधुमेह असलेल्यांनी घरी सगळे पितात म्हणून त्यात सामील व्हायचं नाही, आधी डॉक्टरांशी बोलायचं.

साखर कमी करायची असेल, तर साठवायचा बेत सोडून द्यायचा. फळाचे छोटे तुकडे ताटात सुटे सुटे पसरून गोठवायचे, आयत्या वेळी मिक्सरला लावायचे, थोडं गार ताक, शहाळ्याचं पाणी किंवा लिंबाचा रस घालायचा आणि तिथल्या तिथे प्यायचं. कलिंगड, आंबा, केळं यांना हे जमतं. मऊपणा दहा मिनिटं टिकतो. पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवलं की दगड.

बाजारातल्या स्लशमध्ये साखर कमी ठेवून मऊपणासाठी ग्लिसरॉल घालण्याची पद्धत काही देशांत आहे. लहान मुलांच्या शरीरात ते पटकन जास्त झालं, तर रक्तातली साखर उतरून मूल गळून जाऊ शकतं. म्हणून ब्रिटनच्या अन्न सुरक्षा यंत्रणेनं २०२५ मध्ये सात वर्षांखालच्या मुलांना असे स्लश देऊ नका, असा सल्ला दिला. घरच्या स्लशमध्ये हा प्रश्नच येत नाही. मॉलमध्ये मशीनमधून फिरणारा निळा-लाल स्लश मुलासाठी घेताना घटक विचारायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट. उन्हातून आलेल्या माणसाला चक्कर येत असेल, अंग तापलेलं असेल, बोलणं असंबद्ध वाटत असेल, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला स्लश पाजत बसू नये. सावलीत न्यावं, अंगावर पाणी मारावं, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नीट नसेल, तर तोंडात काहीही ओतायचं नाही.

वीज गेली तर

उन्हाळ्यात आणि विशेषतः वळवाच्या पावसात वीज जाणं रायगडच्या गावांना नवं नाही. फ्रीझर भरलेला आणि बंद असेल, तर काही तास काही होत नाही. दार उघडून पाहत बसणं हाच मोठा शत्रू. पेय अर्धवट वितळलं पण अजून बर्फाचे कण शिल्लक आहेत आणि भांडं गार आहे, तर पुन्हा गोठवून काट्यानं मोडता येतं. पूर्ण वितळून कोमट झालं असेल, तर टाकून द्यायचं.

फ्रीझरच नसेल, तर आइस्क्रीमचा जुना हातानं फिरवायचा पॉट शोधा. अनेक घरांच्या माळ्यावर तो अजून पडलेला असतो. लाकडी बादली, आत धातूचं उभं भांडं आणि फिरवायचा दांडा. बादलीत तीन भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ. मिठामुळे बर्फ वितळायला लागतो, वितळायला उष्णता लागते आणि ती तो आतल्या भांड्यातून ओढून घेतो. बर्फ-मिठाचं मिश्रण अशा रीतीनं उणे वीस अंशांच्या आसपास जाऊ शकतं. जाडं मीठ मिळवायला पेणकरांना फार लांब जावं लागत नसे, खाडीकाठची मिठागरं ही या तालुक्याची जुनी ओळख. वीस-पंचवीस मिनिटं फिरवलं की स्लश तयार आणि तो परातीतल्यापेक्षा बारीक रव्याचा होतो, कारण मोडणं अखंड चालू असतं. झाकण घट्ट हवं, खारं पाणी आत गेलं तर सगळं वाया. आणि मीठ-बर्फाला मुलांचे उघडे हात लावू देऊ नका, साध्या बर्फापेक्षा ते कितीतरी जास्त गार असतं आणि कातडी भाजल्यासारखी होते.

जाता जाता एक शब्दाची गंमत. अरबीत पिण्याशी संबंधित ज्या शब्दापासून आपलं सरबत आलं, त्याच शब्दाच्या कुळातून युरोपात सॉर्बे हे गोठवलेल्या फळरसाचं नाव आलं. तिकडे सरबत गोठलं, इकडे ते ग्लासात राहिलं.

करवंद-जांभूळ साठवायचं कसं

करवंदं आणि जांभळं तोडल्यावर दीड-दोन दिवसांत मऊ पडतात. सकाळी डोंगरातून आणलेली टोपली संध्याकाळपर्यंत संपली नाही, तर विकणारीला मिळेल त्या भावात ती द्यावी लागते. दिवस उतरताना घासाघीस करून किलोभर जास्त घेणारे बरेच असतात. घरी गर काढून ठेवायचा असेल, तर तेवढंच फळ सकाळी ताजं असताना, सांगितलेल्या भावात घेणं दोघांच्याही सोयीचं. जांभूळ ताजं असेल तर बीही सहज सुटते.

साठवताना पाणी घालायचं नाही. नुसता गर, किलोला २०० ग्रॅम साखर मिसळून, पाव-पाव किलोच्या पिशव्यांत चपटा भरायचा आणि वर तारीख लिहायची. करवंदाचा गर शिजवलेला, जांभळाचा कच्चा. फ्रीझर सलग चालत असेल, तर तीन महिने चव चांगली राहते. एकदा वितळवलेली पिशवी पुन्हा गोठवायची नाही, म्हणूनच पिशव्या छोट्या. विकण्याचा विचार असेल, तर घरगुती व्यवसायालाही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, ती आधी करावी.

मृगाच्या तोंडावर भरलेल्या या पिशव्या गणपतीला कामी येतात. पेणमध्ये त्या दिवसांत घराघरांत पाहुणे असतात आणि बाजारात जांभूळ औषधालाही नसतं. आदल्या रात्री पिशवी फ्रीझरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी पाव किलो गराला १०० मिलि उकळून गार केलेलं पाणी, ३० ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून परातीत ओतायचं. आरती आणि जेवणं होईपर्यंत तीन-चार वेळा काटा फिरवला, की सहा छोट्या वाट्यांपुरता स्लश तयार होतो.